ब्रिटिश प्रसारमाध्यमे आणि श्रमिक वर्गाची प्रतिमा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

ब्रिटनच्या सामाजिक इतिहासात 'वर्ग' या संकल्पनेला मध्यवर्ती स्थान आहे. औद्योगिक क्रांती ज्या देशात प्रथम झाली, त्याच देशात भांडवलदार, मध्यमवर्ग आणि श्रमिक वर्ग यांची आधुनिक अर्थाने घडण झाली. इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात वर्ग ही तयार वस्तू नसून माणसामाणसांतील संबंधांतून कालौघात घडत जाणारी गोष्ट आहे, असे प्रतिपादन केले. हे मत ग्राह्य मानल्यास पुढील प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो : या घडणीत प्रसारमाध्यमांचा वाटा कोणता?

व्यवसाय, उत्पन्न आणि मालमत्ता ही वर्गाची भौतिक अंगे होत. परंतु एखाद्या वर्गाकडे इतरांनी कसे पाहावे आणि त्या वर्गाने स्वतःकडे कसे पाहावे, हे केवळ वेतनपत्रकावरून ठरत नाही. ते वृत्तपत्रांचे मथळे, नभोवाणीवरील उच्चार, चित्रपटातील पात्रे आणि दूरचित्रवाणीवरील मालिका यांतूनही ठरत असते. ब्रिटनच्या संदर्भात हा प्रश्न केवळ अभिरुचीचा राहिलेला नाही. माध्यमांनी उभ्या केलेल्या प्रतिमेमुळे न्याय लांबणीवर पडल्याची, संपांविषयीचे जनमत बदलल्याची आणि कल्याणकारी योजनांविषयी गैरसमज पसरल्याची उदाहरणे विसाव्या व एकविसाव्या शतकांत आढळतात. प्रस्तुत लेखात या प्रतिमेच्या वाटचालीचा कालक्रमानुसार आढावा घेतला असून, ती प्रतिमा कोण घडवितो आणि तिची किंमत कोण मोजतो, या दोन प्रश्नांवर भर दिला आहे.

वृत्तपत्रसृष्टी : श्रमिकांचा आवाज आणि जाहिरातीचे अर्थकारण

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटिश शासनाने वृत्तपत्रांवर मुद्रांक कर लादलेला होता. १८१५ मध्ये हा कर प्रत्येक अंकामागे चार पेन्स इतका वाढविण्यात आला. वृत्तपत्र श्रमिकांच्या आवाक्याबाहेर राहावे, हा त्यामागील एक हेतू होता. त्यास आव्हान देत हेन्री हेदरिंग्टन यांनी १८३१ मध्ये 'पुअर मॅन्स गार्डियन' हे पत्र कर न भरता प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. १८३७ मध्ये लीड्स येथे फिअर्गस ओकॉनर यांनी सुरू केलेले 'नॉर्दर्न स्टार' हे सनदवादी चळवळीचे प्रमुख मुखपत्र ठरले. एक अंक अनेकांनी मिळून विकत घ्यावा व मद्यगृहात किंवा कार्यशाळेत तो मोठ्याने वाचला जावा, अशी तत्कालीन प्रथा होती. या पत्रांत श्रमिक हा वर्णनाचा विषय नव्हता. तो स्वतः बोलणारा, लिहिणारा आणि मागणी करणारा घटक होता.

मुद्रांक कर १८३६ मध्ये एका पेनीवर आणण्यात आला आणि १८५५ मध्ये तो रद्द झाला. यानंतर श्रमिकांची पत्रे अधिक बहरतील अशी अपेक्षा स्वाभाविक होती. प्रत्यक्षात उलट घडले. माध्यमांचे इतिहासकार जेम्स करन यांच्या मते, जे काम कराला साधले नाही ते जाहिरातीने साधले. अंकाची किंमत उत्पादनखर्चाहून कमी ठेवून तूट जाहिरातींच्या उत्पन्नातून भरून काढण्याची पद्धत रूढ झाल्यावर, ज्या पत्राचे वाचक गरीब त्या पत्रास जाहिराती कमी, अशी स्थिती निर्माण झाली.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'डेली हेराल्ड' होय. १९१२ मध्ये सुरू झालेले हे दैनिक पुढे कामगार संघटनांच्या मध्यवर्ती संघाशी जोडले गेले आणि १९३३ मध्ये त्याचा दैनिक खप वीस लाखांवर पोहोचला. १९६४ मध्ये ते बंद करण्यात आले, त्या वेळीही त्याचा खप बारा लाखांच्या घरात होता. 'टाइम्स' किंवा 'गार्डियन' यांसारख्या प्रतिष्ठित पत्रांना इतका खप कधीही लाभलेला नव्हता. तरी ती टिकली आणि 'हेराल्ड' बुडाले. कारण त्याचे वाचक जाहिरातदारांच्या दृष्टीने आकर्षक नव्हते. त्याच्या जागी निघालेले 'द सन' हे पत्र १९६९ मध्ये रूपर्ट मरडॉक यांनी विकत घेतले. १९७८ मध्ये खपात त्याने 'डेली मिरर'ला मागे टाकले आणि १९७९ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला उघड पाठिंबा दिला. वाचक बव्हंशी श्रमिक, परंतु पत्राचे धोरण श्रमिक संघटनांच्या विरोधी, असा विसंवाद यातून उभा राहिला. श्रमिकांनी वाचलेले पत्र आणि श्रमिकांचे पत्र यांतील हे अंतर पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे.

नभोवाणी आणि उच्चारांची उतरंड

१९२२ मध्ये खाजगी कंपनी म्हणून सुरू झालेल्या बीबीसीचे १ जानेवारी १९२७ रोजी सार्वजनिक महामंडळात रूपांतर झाले. तिचे पहिले प्रमुख जॉन रीथ यांच्या मते नभोवाणीचे कार्य लोकांना आवडेल ते देण्याचे नसून लोकांना उन्नत करण्याचे होते. या भूमिकेत उदात्तता होती, तशीच एक गृहीत उतरंडही होती. उन्नत करणारे कोण आणि उन्नत होणारे कोण, हे आधीच ठरलेले होते.

ही उतरंड सर्वाधिक जाणवे ती उच्चारांत. १९२६ मध्ये बीबीसीने बोली इंग्रजीविषयी सल्लागार समिती नेमली. निवेदकांनी दक्षिण इंग्लंडमधील खाजगी निवासी शाळा आणि जुनी विद्यापीठे यांत प्रचलित असलेला उच्चार वापरावा, असा संकेत रूढ झाला. परिणामी लँकेशायरचा गिरणी कामगार किंवा डरहॅमचा खाणकामगार यांच्या घरात देशाची बातमी येई ती त्यांच्या बोलीत नव्हे, तर त्यांच्या मालकाच्या बोलीत. १९४१ मध्ये युद्धकाळात हॅलिफॅक्स येथे जन्मलेले विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचण्यास सांगण्यात आले. त्यांच्या यॉर्कशायरी उच्चारांमुळे वाद झाला. बातमीची विश्वासार्हताच कमी होते, अशी तक्रार काही श्रोत्यांनी केली. ज्या उच्चारात लाखो माणसे दररोज व्यवहार करीत, त्या उच्चारात सांगितलेले सत्य मात्र खरे वाटू नये, ही गोष्ट वर्गीय प्रतिमेची मुळे किती खोल गेली होती याची साक्ष देते.

माहितीपट, युद्ध आणि 'जनता'

१९३० च्या दशकात जॉन ग्रिअर्सन यांच्या प्रेरणेने ब्रिटिश माहितीपटांची चळवळ उभी राहिली. त्यांच्या १९२९ च्या 'ड्रिफ्टर्स' या चित्रपटात हेरिंग मासळी पकडणाऱ्या कोळ्यांचे श्रम प्रतिष्ठेने चित्रित झाले होते. १९३५ मध्ये आर्थर एल्टन व एडगर अॅन्स्टी यांनी केलेल्या 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' या लघुपटात लंडनच्या स्टेपनी भागातील रहिवासी आपल्या गळक्या, उंदीर-ढेकणांनी भरलेल्या घरांविषयी थेट कॅमेऱ्यासमोर बोलले. गरीब माणसाने स्वतःच्या शब्दांत आपली स्थिती सांगावी, ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती. तथापि या लघुपटाला अर्थसाह्य इंधनवायूच्या व्यवसायातील संघटनेचे होते आणि नव्या घरांबरोबर वायूच्या शेगड्यांचा प्रसार व्हावा, हा तिचा हेतू होता. रहिवाशांना बोलण्याची संधी मिळाली. मात्र निष्कर्ष काढण्याचा अधिकार निवेदकाकडेच राहिला.

दुसऱ्या महायुद्धाने या चित्रात बदल घडविला. संपूर्ण राष्ट्र लढ्यात उतरवायचे असेल तर श्रमिकाला राष्ट्राचा भाग म्हणून दाखविणे भाग होते. १९३८ मध्ये सुरू झालेल्या 'पिक्चर पोस्ट' या सचित्र साप्ताहिकाने जानेवारी १९४१ मध्ये युद्धोत्तर ब्रिटनच्या आराखड्याला वाहिलेला विशेषांक काढला. रोजगार, आरोग्य, घरे व शिक्षण हे विषय त्यात होते. डिसेंबर १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेव्हरिज अहवालाला आणि १९४५ मधील मजूर पक्षाच्या विजयाला पोषक असे जनमत घडविण्यात अशा प्रकाशनांचाही हातभार लागला. या काळातील श्रमिक हा दयेचा विषय नव्हता. तो सन्माननीय नागरिक होता.

दूरचित्रवाणीचे आगमन : वस्तीचे जग

१९५७ मध्ये लीड्सच्या श्रमिक कुटुंबात वाढलेले रिचर्ड हॉगार्ट यांचा 'द यूझेस ऑफ लिटरसी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. श्रमिक वस्तीचे अंतरंग, तेथील शेजारधर्म, स्त्रियांचे स्थान व बोलण्याची धाटणी यांचे चित्रण करताना, व्यापारी जनसंस्कृती हे जग पोकळ करीत असल्याची चिंता त्यांनी व्यक्त केली. त्यांनीच १९६४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र स्थापन केले. स्टुअर्ट हॉल यांच्या नेतृत्वाखाली ते पुढे जगप्रसिद्ध झाले.

याच सुमारास श्रमिक जीवन पडद्याच्या केंद्रस्थानी आले. १९५५ मध्ये व्यापारी दूरचित्रवाणी सुरू झाली आणि ९ डिसेंबर १९६० रोजी ग्रॅनडा या कंपनीने 'कॉरोनेशन स्ट्रीट' ही मालिका प्रक्षेपित केली. टोनी वॉरन यांनी लिहिलेल्या या मालिकेतील काल्पनिक गल्ली सॅल्फर्डच्या वस्तीवर बेतलेली होती. उत्तरेकडील बोली, ओळीने बांधलेली विटांची घरे आणि कोपऱ्यावरचे मद्यगृह हे जग राष्ट्रीय पडद्यावर दररोजचे झाले. मात्र टीकाकारांच्या मते या गल्लीत जिव्हाळा होता, भांडणे होती, पण कारखाना आणि कामगार संघटना अभावानेच दिसत. श्रमिकाचे घर दिसले. श्रम मात्र पडद्याआड राहिले.

याउलट १६ नोव्हेंबर १९६६ रोजी बीबीसीने दाखविलेल्या 'कॅथी कम होम' या नाट्याने थेट व्यवस्थेवर बोट ठेवले. जेरेमी सँडफर्ड यांचे लेखन आणि केन लोच यांचे दिग्दर्शन असलेल्या या कथेत एक सर्वसाधारण कुटुंब बेघर होते आणि अखेरीस आईपासून मुले हिरावून घेतली जातात. सुमारे १ कोटी २० लाख प्रेक्षकांनी ते पाहिले. बेघरांसाठी काम करणाऱ्या 'शेल्टर' या संस्थेची तयारी आधीपासूनच चालू होती. १ डिसेंबर १९६६ रोजी ती कार्यान्वित झाली तेव्हा या नाट्याने निर्माण केलेल्या भावनेचा तिला मोठा लाभ झाला. योग्य चित्रण समाजाला हलवू शकते, याचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

विनोदाचे क्षेत्र अधिक संदिग्ध होते. १९६० च्या दशकात सुरू झालेल्या 'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेतील अॅल्फ गार्नेट हा पूर्व लंडनमधील वर्णद्वेषी श्रमिक. लेखक जॉनी स्पाइट यांना त्याचा उपहास अभिप्रेत होता. अनेक प्रेक्षकांनी मात्र त्यास आपला प्रवक्ता मानले. शिवाय अशा पात्रांमुळे पूर्वग्रह हा जणू श्रमिकांचाच गुण आहे, अशीही समजूत दृढ झाली. निर्मात्याचा अर्थ आणि प्रेक्षकाचा अर्थ एकच असेल असे नाही, हे हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेले सूत्र येथे तंतोतंत लागू पडते.

औद्योगिक संघर्ष आणि वृत्तांकनाची भाषा

१९७० च्या दशकात आर्थिक संकट व संप यांमुळे श्रमिकाची प्रतिमा पुन्हा पालटली. ग्लासगो विद्यापीठाच्या माध्यम अभ्यासगटाने १९७५ मधील दूरचित्रवाणी बातम्यांचे काटेकोर विश्लेषण करून १९७६ मध्ये 'बॅड न्यूज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. व्यवस्थापन 'देऊ करते' तर कामगार 'मागणी करतात'. व्यवस्थापक शांत कार्यालयात बसून बोलतो तर कामगार रस्त्यावरील गोंगाटात ओरडून बोलतो, अशा बाबी या गटाने दाखवून दिल्या. जानेवारी १९७५ मध्ये पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी एका भाषणात टाळता येण्याजोग्या कामबंदीबद्दल व्यवस्थापन आणि कामगार या दोघांनाही उद्देशून इशारा दिला होता. बातम्यांच्या पुनरावृत्तीत व्यवस्थापनाचा उल्लेख गळत गेला आणि दोष कामगारांपुरता उरला.

याच दशकातील ग्रनविकचा संप भारतीय वाचकांसाठी विशेष अर्थपूर्ण आहे. ऑगस्ट १९७६ मध्ये वायव्य लंडनमधील छायाचित्रे धुणाऱ्या या कारखान्यात मूळच्या गुजरातच्या जयाबेन देसाई यांच्या पुढाकाराने संप सुरू झाला आणि तो जुलै १९७८ पर्यंत चालला. बहुसंख्य संपकरी दक्षिण आशियाई वंशाच्या स्त्रिया होत्या. वृत्तपत्रांनी त्यांच्या साड्यांची नवलाई वर्णिली. ब्रिटिश श्रमिक म्हणजे गोरा, पुरुष आणि अवजड उद्योगातील, ही माध्यमांची ठाम कल्पना होती. त्या चौकटीत या स्त्रिया बसत नव्हत्या. आजही 'श्रमिक वर्ग' या शब्दामागे 'गोरा' हे विशेषण जोडण्याची माध्यमांची सवय याच चौकटीचा अवशेष आहे.

१९८४-८५ चा खाणकामगारांचा संप हा या इतिहासातील निर्णायक टप्पा होय. १८ जून १९८४ रोजी यॉर्कशायरमधील ऑर्ग्रीव्ह येथे पोलीस व संपकरी यांच्यात मोठा संघर्ष झाला. बीबीसीच्या सायंकालीन बातमीत प्रथम कामगारांची दगडफेक व नंतर घोडेस्वार पोलिसांची चाल, असा क्रम दिसला. प्रत्यक्ष क्रम उलट असल्याचा आक्षेप घेण्यात आला आणि चित्रांचा क्रम घाईत, अनवधानाने उलटल्याचे बीबीसीने १९९१ मध्ये मान्य केले. ९५ कामगारांवर दंगलीसारखे गंभीर आरोप ठेवण्यात आले होते. १९८५ मध्ये हा खटला कोसळला. १९९१ मध्ये साउथ यॉर्कशायर पोलिसांनी ३९ कामगारांना ४ लाख २५ हजार पौंड भरपाई दिली. मात्र लाखो प्रेक्षकांच्या मनात ठसलेला 'हिंसक खाणकामगार' अशा भरपाईने पुसला गेला नाही. या घटनेच्या अधिकृत चौकशीची घोषणा होण्यास जुलै २०२५ उजाडावे लागले.

याच संपात मुद्रणकामगारांनी केलेला एक प्रतिकारही नोंदविण्याजोगा आहे. मे १९८४ मध्ये खाणकामगार नेते आर्थर स्कारगिल यांचा हात उंचावलेला फोटो हिटलरच्या अभिवादनासारखा भासेल अशा मथळ्यासह छापण्याचा 'सन'चा बेत होता. छपाई विभागातील कामगारांनी तो छापण्यास नकार दिला आणि तो अंक फोटो व मथळा यांविनाच निघाला. प्रतिमा घडविण्याच्या साखळीत श्रमिकाला मिळालेला हा क्वचित नकाराधिकार होता. १९८६ मध्ये मरडॉक यांनी छपाई वॉपिंग येथे हलविली आणि त्यानंतरच्या वर्षभराच्या लढ्यात मुद्रणकामगार संघटनांचा पराभव झाला. त्यामुळे हा अधिकारही संपुष्टात आला.

हिल्सबरो : प्रतिमेची किंमत

माध्यमांतील प्रतिमा प्रत्यक्ष जीवनावर किती खोल परिणाम करू शकते, हे हिल्सबरोच्या दुर्घटनेवरून स्पष्ट होते. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल व नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यातील उपांत्य सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे अनेक समर्थक मृत्यू पावले. २०२१ मध्ये दगावलेल्या एका जखमीसह मृतांची संख्या ९७ झाली. १९ एप्रिल १९८९ रोजी 'सन'ने 'सत्य' अशा अर्थाच्या मथळ्याखाली पहिल्या पानावर आरोप छापले : समर्थकांनी मृतांचे खिसे लुटले, मदतकार्य करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली, त्यांना मारहाण केली. ही माहिती पोलीस अधिकारी व एक संसद सदस्य यांच्याकडून वृत्तसंस्थेमार्फत आली होती.

हे आरोप इतक्या सहजतेने ग्राह्य का ठरले, हा इतिहासाच्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आधीच्या दशकात आहे. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या मैदानाला लागलेल्या आगीत ५६ जण मृत्युमुखी पडल्यानंतर 'संडे टाइम्स'ने आपल्या अग्रलेखात फुटबॉल हा गलिच्छ वस्तीचा खेळ असून तो गलिच्छ वस्तीतली माणसे पाहतात, अशा आशयाचे उद्गार काढले होते. फुटबॉलचा समर्थक म्हणजे दारुडा व दंगेखोर आणि लिव्हरपूल म्हणजे बेकारी व बंडखोरीचे शहर, ही समीकरणे आधीच रुजलेली होती. त्यामुळे नव्या आरोपाला पुराव्याची गरज भासली नाही.

न्यायमूर्ती टेलर यांच्या ऑगस्ट १९८९ च्या अंतरिम अहवालाने पोलिसी नियंत्रणातील अपयश हे मुख्य कारण ठरविले आणि समर्थकांवरील आरोप फेटाळले. तरीही प्रतिमा टिकून राहिली. सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार झाल्याचे उघड केले. त्यानंतर 'सन'ने पहिल्या पानावर क्षमायाचना केली. एप्रिल २०१६ मध्ये मृत्यूंची नव्याने चौकशी करणाऱ्या ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे असल्याचा व समर्थकांचा त्यात दोष नसल्याचा निर्णय दिला. दुर्घटनेपासून या निर्णयापर्यंत २७ वर्षे गेली; अनेक आईवडील तोवर निवर्तले होते. या मृत्यूंबद्दल एकाही पोलीस अधिकाऱ्यास न्यायालयात दोषी ठरविण्यात आले नाही. लिव्हरपूल परिसरात 'सन'वरील बहिष्कार आजतागायत टिकून आहे. बदनाम केलेल्या समुदायाने माध्यमाला दिलेले हे उत्तर ब्रिटिश वृत्तपत्रांच्या इतिहासात अपवादात्मकच म्हणावे लागेल.

नव्या शतकातील उपहास आणि 'भत्त्यावरचे जीवन'

१९८० च्या दशकात बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली, खाणी व कारखाने बंद पडले. या उद्ध्वस्ततेचे सहानुभूतीपूर्ण चित्रण अॅलन ब्लीसडेल यांच्या 'बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ' या १९८२ च्या मालिकेत झाले. काम मागत दारोदार फिरणारा योसर ह्यूझ हा तिचा नायक एका पिढीचे प्रतीक ठरला. दोन दशकांनंतर मात्र बेकार माणसाकडे पाहण्याची दृष्टी पूर्णतः बदललेली दिसते. 'चॅव्ह' हा गरीब गोऱ्या तरुणांसाठीचा तुच्छतादर्शक शब्द इतका रूढ झाला, की २००४ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठ प्रकाशनाने त्यास वर्षाचा शब्द म्हणून निवडले. 'लिट्ल ब्रिटन' या कार्यक्रमातील व्हिकी पोलार्ड हे पात्र खाजगी शाळेत शिकलेल्या विनोदी अभिनेत्याने साकारले होते. वंश वा लिंग यांवरील उपहास असभ्य मानला जाऊ लागला असताना वर्गावरील उपहास सभ्य समाजात बिनदिक्कत चालू राहिला, याकडे ओवेन जोन्स यांनी २०११ मधील आपल्या पुस्तकात लक्ष वेधले.

जानेवारी २०१४ मध्ये 'चॅनल फोर'ने बर्मिंगहॅममधील एका रस्त्यावर आधारित 'बेनिफिट्स स्ट्रीट' हा कार्यक्रम दाखविला. वस्तीतील आपुलकीवर कार्यक्रम होणार असल्याचे आपणास सांगितले होते, अशी तक्रार काही रहिवाशांनी केली. नियामक संस्थेला मात्र त्यात नियमभंग आढळला नाही. हा कार्यक्रम आला तेव्हा सामाजिक भत्त्यांत कपातीचे धोरण राबविले जात होते. २०१३ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी व किंग्ज कॉलेज लंडन यांच्यासाठी झालेल्या पाहणीत, भत्त्यांच्या दर शंभर पौंडांपैकी २४ पौंड फसवणुकीने लाटले जातात असा लोकांचा समज आढळला. अधिकृत अंदाज मात्र शंभर पौंडांमागे ७० पेन्सचा होता. वास्तव व समज यांतील या तफावतीस माध्यमे एकटीच जबाबदार नाहीत. परंतु ज्यांचा भत्त्यावर जगणाऱ्या माणसांशी प्रत्यक्ष संबंध येत नाही, त्यांच्या समजाचा दुसरा स्रोत कोणता, हा प्रश्न उरतोच.

याच काळात उच्चवर्गाचे चित्रण मात्र सौम्य व रमणीय राहिले. १९७१ मधील 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' पासून २०१० मधील 'डाउनटन अॅबी' पर्यंत मालक व नोकर एकाच छपराखाली परस्परांच्या सुखदुःखात सहभागी होताना दिसतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी घरकाम हा ब्रिटिश स्त्रियांचा सर्वांत मोठा रोजगार होता. त्यातील अखंड कष्ट या रम्य चित्रात सौजन्याच्या आवरणाखाली झाकले जातात. मध्यमवर्गाची गोष्ट आणखी वेगळी. तो बहुधा 'वर्ग' म्हणून दाखविलाच जात नाही. त्याचे घर, त्याची भाषा, त्याच्या चिंता या सर्वसामान्य मानल्या जातात. ज्याची वेगळी ओळख सांगावी लागत नाही, तोच मापदंड ठरतो.

प्रतिमा घडविणारे कोण?

२०१९ मध्ये सटन ट्रस्ट व सामाजिक गतिशीलता आयोग यांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, ब्रिटनमधील सुमारे ७ टक्के लोक खाजगी शाळांत शिकलेले असताना वृत्तपत्रांच्या स्तंभलेखकांत हे प्रमाण ४४ टक्के होते. पूर्वी स्थानिक वृत्तपत्रात उमेदवारी करून पत्रकार होण्याची वाट श्रमिक घरांतील मुलांना उपलब्ध होती. पदव्युत्तर शिक्षण, लंडनमधील महागडे वास्तव्य व विनावेतन उमेदवारी यांमुळे ती अरुंद झाली.

बीबीसीनेच समाजशास्त्रज्ञांच्या साह्याने केलेली वर्गविषयक पाहणी या संदर्भात उद्बोधक आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या या पाहणीत १ लाख ६१ हजार लोकांनी भाग घेतला आणि २०१३ मध्ये माइक सॅव्हेज, फिओना डिव्हाइन व सहकाऱ्यांनी उच्चभ्रूंपासून असुरक्षित स्तरापर्यंत सात वर्गांचे नवे प्रारूप मांडले. परंतु स्वेच्छेने उत्तरे देणाऱ्यांत सुस्थितीतील लोकांचे प्रमाण फार मोठे होते, तर तळच्या स्तराचा सहभाग नगण्य होता. म्हणून संशोधकांना स्वतंत्र प्रातिनिधिक नमुन्याचा आधार घ्यावा लागला. वर्गाविषयी बोलण्याचे आमंत्रणही सर्व वर्गांपर्यंत सारखे पोहोचत नाही, हेच यातून दिसून आले. दुसरीकडे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश सामाजिक दृष्टिकोन पाहणीत ६० टक्के लोकांनी स्वतःला श्रमिक वर्गीय म्हणवून घेतले. कारखाने गेले, उपहास वाढला, तरी ही अस्मिता लोकांनी टाकून दिली नाही, हे लक्षणीय आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा, की ब्रिटिश माध्यमांतील श्रमिकाची प्रतिमा स्थिर नव्हती. राष्ट्राला त्याची गरज असताना तो नागरिक ठरला, त्याने संप केल्यावर शत्रू ठरला आणि तो बेकार झाल्यावर हास्यास्पद ठरला. दुसरा असा, की हा बदल केवळ लेखक-दिग्दर्शकांच्या वृत्तीतून घडला नाही. मालकी, जाहिरात आणि व्यवसायात प्रवेश मिळण्याच्या वाटा या संस्थात्मक कारणांनी त्याची दिशा ठरविली. तिसरा असा, की सहानुभूती आणि प्रतिनिधित्व या भिन्न गोष्टी आहेत. 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' मध्ये सहानुभूती होती, 'नॉर्दर्न स्टार' मध्ये प्रतिनिधित्व होते. पहिलीने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

अखेरचा निष्कर्ष न्यायाशी निगडित आहे. ऑर्ग्रीव्हचे कामगार व हिल्सबरोची कुटुंबे यांच्याबाबत सत्य दडपले गेले ते केवळ पुराव्यांत फेरफार झाल्यामुळे नव्हे. अशी माणसे असेच वागणार, हा पूर्वग्रह वाचकांच्या मनात आधीच तयार होता आणि असत्याला तोच पुरावा म्हणून पुरला. म्हणूनच माध्यमांतील वर्गीय प्रतिमांचा अभ्यास हा साहित्य वा समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमातील एक प्रकरण एवढ्यापुरता सीमित राहत नाही. एखाद्या समाजात कोणाचे म्हणणे पुराव्याविना खरे मानले जाते आणि कोणाला आपले सत्य सिद्ध करण्यासाठी २७ वर्षे थांबावे लागते, याचा तो अभ्यास होय.